शॉकवरची काळी रिंग

शहाद्यात मी काय काम करते हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे पंक्चर काढतेस का?" काढते. मामाच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढल्याशिवाय कोणाला राहता येत नाही. पण माझं खरं काम सस्पेन्शनचं. डोंगरात चालवायच्या सायकलींना पुढच्या चाकाशी, आणि काहींना मागेही, झटके झेलणारे भाग असतात. पुढच्याला फोर्क म्हणतात, मागच्याला शॉक. ते उघडायचे, धुवायचे, आतली रबरं आणि तेल बदलायचं, आणि अगदीच संपले असतील तर त्यांच्या जागी चांगले बसवायचे. नंदुरबार जिल्ह्यात अशा सायकली असतील किती, असं मी पुण्याहून परत आले तेव्हा सगळे म्हणाले. खरंच फार नव्हत्या. पण ज्यांच्याकडे होत्या ते त्या मनापासून बिघडवत होते, त्यामुळे काम पुरलं.

मी पुरुषोत्तमनगरच्या कॉलनीत वाढले. वडील साखर कारखान्यात होते. शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात अहिराणी, वर्गात इंग्रजी, आणि शाळेच्या बसमध्ये मराठी. त्यामुळे असेल किंवा मुळातच असेल, मी कमी बोलते. डिप्लोमा झाल्यावर पुण्यात एका वर्कशॉपमध्ये लागले. तिथे परदेशी सायकलींचे फोर्क आणि शॉक सर्व्हिसिंगला यायचे. बोलावं लागत नाही, हे मला त्या कामातलं पहिलं आवडलं. फोर्क उघडला की आतलं तेल बघूनच मालक कुठे जातो, सायकल किती धुतो आणि "परवाच सर्व्हिसिंग केलं होतं" हे किती खरं, सगळं कळतं.

ते वर्कशॉप मुंबईला हललं आणि मी गावाकडे आले. मामाने दुकानातला मागचा कोपरा रिकामा करून दिला. त्याला ॲल्युमिनियमची चौकट आणि काच लावून हवी, असं मी सांगितलं. धूळ आत येऊ नये म्हणून, असं कारण दिलं. गिऱ्हाईक आत येऊ नये हेही एक कारण होतं. मामाला ते कळलं होतं. तरी त्याने काच लावून दिली. वर बाहेर बसून गिऱ्हाइकांना सांगायचा, "मन्ही भाची शे. पुनाथीन उनी. बोलस कमी, पन तिनं काम देखा." त्या काचेबद्दल मी त्याचे आभार कधी मानले नाहीत. इथे मानते.

काचेच्या आतून मी बरंच पाहिलं. नंदुरबारहून एक मिरचीचे व्यापारी सायकल घेऊन आले. गावाबाहेर मिरची वाळत घालतात त्या पथारींमधून ते रोज सकाळी चालवायचे. मी फोर्क उघडला आणि आतून तेलाऐवजी लाल चिखल निघाला. पुढची पाच मिनिटं आमच्या रांगेतली सगळी दुकानं शिंकत होती. शेजारचे चहावाले काका डोळे पुसत म्हणाले, "भाची, फोडनी दी ऱ्हायनी का?" प्रकाशाकडच्या एका शेतकऱ्याची गोष्ट वेगळी. मामाने बोलता बोलता त्यांना सांगितलं होतं की फोर्क म्हणजे सायकलचा खांदा. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळण झाली, हळद आणि तूप उरलं, म्हणून त्यांनी ते सायकलच्या खांद्यालाही चोळलं. सायकल आली तेव्हा फोर्कच्या नळ्यांवर तुपात बसलेली मातीची पुटं होती. "इतकी प्रेमथीन चोळी व्हती मी," ते म्हणाले. मला रागावता येईना. वर्षभर राबलेल्याच्या खांद्याला हात लावावा असं वाटणारा मालक पुण्यात मला भेटला नव्हता.

पण मला लिहायचंय ते रुमाताईंच्या सायकलबद्दल.

रुमाताई धडगावकडच्या. पावरा समाजातल्या, वय चाळिशीच्या आसपास, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांची शाळा दरीतल्या एका पाड्यावर आहे. जीप वरच्या रस्त्यावर सोडते, तिथून खाली पायवाट. चालत जायला खूप वेळ लागतो. धडगावच्या दवाखान्यातले एक डॉक्टर बदली होऊन जाताना आपली कॉलेजच्या काळातली डोंगरी सायकल त्यांना देऊन गेले. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली, जुनी, सव्वीस इंची चाकांची. त्या सायकलवर त्या कित्येक वर्षं शाळेत गेल्या. मग एका पावसाळ्यात पडल्या. उजवं मनगट मोडलं, आत पट्टी आणि स्क्रू बसवले. हाड जुळलं, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की मनगटाला धक्के बसता कामा नयेत.

त्या सायकल जीपच्या टपावर बांधून आमच्याकडे आल्या. मामाने आधी हँडल, मग सीट दाबून पाहिली. पुढचा फोर्क दबलाच नाही. मागचा शॉक दबला, तो वर आलाच नाही.

"अवं माय," मामा म्हणाला, "एक ताठ, एक आडवा. हाई तं आमना घरना दोन भाऊ शेत."

रुमाताई हसल्या. मग काचेजवळ येऊन मला म्हणाल्या, "ताई, ही नीट झाली तर मी शाळेत राहीन. नाहीतर रस्त्याकाठची शाळा मागून घ्यावी लागेल. हात पुन्हा मोडायला नको."

मी विचारलं, "तिथे दुसरे शिक्षक येतील ना?"

"येतील की. चांगलेच येतील. पण आमची पोरं घरी पावरी बोलतात. मराठी त्यांना शाळेत येऊनच ऐकायला मिळते. मी पावरीत सुरुवात करते, मग हळूहळू मराठीकडे आणते. नवीन माणूस आला की पोरं पहिलं वर्षभर तोंडच उघडत नाहीत. काही मग नंतरही उघडत नाहीत."

मी मान डोलावली. तोंड न उघडणारी मुलगी वर्गात कुठे बसते, बाईंच्या नजरेतून कशी सुटते, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जुन्या सायकलचं सस्पेन्शन बदलणं बाहेरच्या माणसाला सोपं वाटतं. जुनं काढा, नवं लावा. पण आजचे फोर्क जुन्या फ्रेमला बसत नाहीत. फोर्कची जी नळी फ्रेमच्या तोंडातून वर हँडलपर्यंत जाते, ती हल्ली खाली जाड आणि वर बारीक असते. जुन्या फ्रेमला सरळ नळी लागते. शिवाय सव्वीस इंची चाकाचे चांगले फोर्क आता फारसे बनत नाहीत. आणि जास्त उंच फोर्क लावला की सायकलचं नाक वर जातं, मग चढावर ती नाक उडवत चालते. मागचा शॉक तर अगदी तेवढ्याच लांबीचा हवा. बोटभर लांब-आखूड झाला तर सायकलची ठेवण बिघडते, किंवा चाक फ्रेमला घासतं. आणि हे सगळं करताना मालकाला सांगावं लागतं की एवढ्यात नवीन सायकलही आली असती. मी ते सांगितलं.

रुमाताई म्हणाल्या, "नवीन सायकलला आमची वाट माहीत नाही."

पुण्याच्या वर्कशॉपचे सर आता मुंबईला होते, त्यांना फोन केला. त्यांनी जुन्या मालातून हवेवर चालणारा एक फोर्क शोधून पाठवला, सरळ नळीचा. मागचा शॉकही हवेवरचा मिळाला, लांबी बरोबर जुळणारा. स्प्रिंगच्या शॉकमध्ये माणसाच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग बदलावी लागते. हवेच्या शॉकमध्ये नुसती हवा कमी-जास्त करता येते. मी सांध्यांमधले झिजलेले बुश बदलले, सगळं जोडलं, आणि रुमाताईंना बसवून हवा लावली.

हवा लावायची रीत अशी. माणूस सायकलवर नुसता बसला तरी शॉक थोडा दबलाच पाहिजे, म्हणजे खड्डा आल्यावर चाकाला खालीही जाता येतं. याला सॅग म्हणतात. शॉकच्या चकचकीत दांड्यावर, आणि फोर्कच्या नळीवरही, एक काळी रबरी रिंग असते. शॉक दबेल तशी ती सरकते आणि सरकली तिथेच राहते. माणूस उतरल्यावर रिंग बघून कळतं किती दबलं. चालवून आल्यावर रिंग थेट टोकाला गेलेली असेल तर समजायचं की शॉक कुठेतरी तळाला आपटला. आपटला की तो झटका सरळ हातात आणि पाठीत.

मी विचारलं, "तुमचं सामान काय असतं बरोबर?"

"माझं? पर्स आणि डबा."

पर्स आणि डब्यासकट त्यांना बसवलं. रिंग जिथे हवी तिथे थांबली. त्या दुकानासमोरच्या रस्त्यावरून फिरून आल्या, स्पीडब्रेकरवरून मुद्दाम दोनदा गेल्या. "गादीवर बसल्यासारखं वाटतं," म्हणाल्या. त्या दिवशी मामाने मला न विचारता दोन वडापाव आणले. त्याची शाबासकी अशीच असते.

काही आठवड्यांनी रुमाताई परत आल्या. मनगटाला क्रेप बँडेज होतं.

मी आधी दोन्ही रिंगा पाहिल्या. दोन्ही टोकाला. म्हटलं, हवा गळते आहे. पंप लावला, तर हवा मी भरली तेवढीच. फोर्क उघडला. रबरं कोरी, तेल स्वच्छ. शॉक उघडला. त्यातही काही नाही. मामा म्हणाला, "पंपना काटा खोटा शे तुन्हा." दुसऱ्या काट्याने पाहिलं, तोही तेच दाखवत होता. मिस्त्रीला दोष सापडला की बरं वाटतं. काहीच बिघडलेलं नाही आणि तरी समोरच्या माणसाचा हात सुजलेला आहे, यापेक्षा वाईट दिवस आमच्या धंद्यात नाही.

मी काचेबाहेर आले. रुमाताई बाकावर बसल्या होत्या.

"तुमचं वजन वाढलंय का?"

"तू काय खायला घातलंस म्हणून वाढेल?" त्या हसल्या, पण डोळे हसत नव्हते. "काही सापडलं?"

"नाही."

"मग मी बदलीचा अर्ज करून टाकते, ताई. तू खूप केलंस."

मी म्हणाले, "रोज दुखतं का?"

त्यांनी विचार केला. "रोज एवढं नाही. बाजार झाला की जास्त."

"अर्ज करू नका," मी म्हणाले. "पुढच्या बाजाराला मी येते."

हे वाक्य मीच बोलले हे मामालाही खरं वाटलं नाही. त्या गेल्यावर तो म्हणाला, "तू? एकली? धडगावले? बोलशी कोनासंगे?"

"सायकलसंगे," मी म्हटलं.

बाजाराच्या दिवशी पंप, पाने आणि मोजपट्टी पिशवीत घालून जीपमध्ये बसले. माझ्या एका बाजूला कोंबड्यांची टोपली, दुसऱ्या बाजूला पत्र्याची नवी पेटी. घाटात प्रत्येक वळणावर पेटी माझ्या बरगडीत यायची. सस्पेन्शनचा अभ्यास तिथूनच सुरू झाला.

बाजारात रुमाताई सायकल धरून एका झाडाखाली उभ्या होत्या. मी जरा लांब थांबले आणि पाहत राहिले. मला ते जमतं. एक बाई आली, हँडलच्या डाव्या मुठीला मिठाची पिशवी अडकवून गेली. एका म्हाताऱ्या बाबांनी उजवीकडे गोड्या तेलाचा डबा लटकवला. कोणी बियाण्याची पुडकी, कोणी दुरुस्त करून आणलेल्या चपला, कोणाच्या सासूची औषधं, कोणाच्या विजेरीचे सेल, गुळाची ढेप. कोणी विचारत नव्हतं आणि रुमाताई नाही म्हणत नव्हत्या. नुसतं कोणाचं घर पाड्याच्या कोणत्या टोकाला, त्याप्रमाणे पिशव्या मागे-पुढे करत होत्या. हँडल दोन्हीकडून खाली ओढलं गेलं होतं. उभ्या सायकलचा फोर्कच अर्ध्याहून जास्त दबलेला.

मी जवळ गेले. "रुमाताई, हे काय?"

"काय?"

"हे सामान. मी विचारलं होतं ना, बरोबर सामान काय असतं?"

त्यांनी पिशव्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना खरंच कळलं नव्हतं. "हे माझं नाही ना, ताई. हे लोकांचं आहे. तू माझं विचारलंस."

नंतर त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्याकडे बाजाराहून एकट्यापुरतं घेऊन कोणी परतत नाही. जो वर आला तो सगळ्यांचं घेऊन खाली जातो. आज हा, उद्या तो. ज्याचं त्यालाच पोहोचतं, म्हणून नेणाऱ्याचं त्यात काही नसतं. त्यांच्या लेखी त्या रिकाम्या हातानेच खाली जात होत्या.

मी म्हणाले, "हे सामान नेऊ नका. हात वाचेल."

"आणि मग मी तिथे कशाला जाते?" त्या शांतपणे म्हणाल्या. "पोरांना शिकवायला येते, पण त्यांच्या आजीचं मीठ आणत नाही, असं कसं चालेल? ती पोरं मग माझं का ऐकतील?"

मग एकच काम उरलं. लोकांचं वजन सायकलच्या हिशेबात घ्यायचं.

शेजारी धान्याच्या व्यापाऱ्याचा मोठा काटा होता. तो वापरू द्याल का, हे मला त्यांना विचारावं लागलं, आणि सगळ्यांना त्यांच्या पिशव्या आणा असं मोठ्याने सांगावं लागलं. माझा आवाज इतका बारीक निघाला की रुमाताईंनी तो पावरीत मोठा केला. माणसं गोळा झाली. रुमाताई सगळ्या पिशव्या घेऊन काट्यावर उभ्या राहिल्या, आणि मी सायकलच्या पोटातला मागचा शॉक दाबून पाहत होते. मागून एक म्हातारी काहीतरी म्हणाली आणि सगळे हसत सुटले.

"काय म्हणाल्या?"

"म्हणते, बाई चांगली भरलीये, कोणाला विकतेस?" रुमाताई म्हणाल्या. "आणि विचारते, ही पोरगी सायकलचं पोट का दाबून बघते, सायकल गाभण आहे का?"

मी पण हसले. इतक्या लोकांनी मला बघितलं तरी काही झालं नाही, हे जीपमध्ये परत बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्या दिवसापुरतं हँडलवरचं ओझं काढून सीटच्या मागे बांधलं आणि हवा वाढवली. पण तो पक्का उपाय नव्हता. बाजाराचा दिवस आठवड्यातून एकदा. बाकी दिवशी पर्स आणि डबाच. वाढवलेली हवा तशीच ठेवली तर रोजच्या वाटेवर सायकल दगडासारखी कडक होणार.

सायकल पुन्हा शहाद्याला आली. हवेच्या शॉकची एक गंमत आहे. त्याच्या हवेच्या डब्यात आतली जागा थोडी कमी केली, तर सुरुवातीला तो पूर्वीसारखाच मऊ दबतो, पण शेवटाकडे जाताना घट्ट घट्ट होत जातो आणि आपटत नाही. पुण्यात त्यासाठी तयार प्लॅस्टिकचे तुकडे मिळायचे. इथे मी ऑइलच्या रिकाम्या डब्याच्या पट्ट्या कापल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि आत गुंडाळून बसवल्या. फोर्कमध्येही तसंच केलं. एक पट्टी टाकायची, बंद करायचं, दाबून पाहायचं, पुन्हा उघडायचं.

ओझ्याचं काम मामाने घेतलं. त्याने आधी नेहमीसारखं मागच्या चाकाच्या आसाला कॅरियर लावलं. पण अशा सायकलचं मागचं चाक वर-खाली होतं, त्याबरोबर कॅरियरही वर येतं. मामा स्वतः बसला, उडी मारली, आणि कॅरियरने खालून सीटला अशी ढुशी दिली की तो उतरून बराच वेळ उभाच राहिला.

"हसू नको," तो मला म्हणाला.

"नही हसी ऱ्हायनी."

मग त्याने सळईची चौकट वेल्डिंग करून सीटच्या नळीला आणि फ्रेमला पकडून बसवली, चाकापासून अलग. तिला ताडपत्रीच्या दोन खोल पिशव्या शिवून आणल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. हँडलला आता काही अडकवायचं नाही, असं त्याने रुमाताईंकडून वचन घेतलं. "एक पुडीबी नही, बाई," तो म्हणाला. त्याने इतक्या गंभीरपणे माझ्या कामाची बाजू घेतलेली मी पहिल्यांदा पाहिली.

रुमाताई गेल्या. नंतर बरेच दिवस काही कळलं नाही. त्या पाड्यावर फोन लागत नाही. मी एक-दोनदा धडगावच्या जीपवाल्यांना विचारलं. कोणी म्हणाला दिसतात, कोणी म्हणाला माहीत नाही. त्यांनी अर्ज केला असेल असं मी धरून चालले होते. आमच्या कामात हे नेहमीचं आहे. वस्तू बरी होऊन जाते, पुढचं आपल्याला कळत नाही.

त्यानंतर मी गिऱ्हाइकाला वजन विचारायची पद्धत बदलली. आता मी काचेबाहेर येते, बाकावर बसते आणि विचारते, कुठे जाता, कोणासाठी जाता, येताना कोण काय देतं. डॉक्टर असो, कारखान्यातले साहेब असोत, तोरणमाळच्या घाटात रविवारी चढणारी मंडळी असोत. लोक आधी दचकतात. मग खूप सांगतात. कोणी मागे मुलीला बसवतो, कोणी उसाच्या शेतावर डबा नेतो. यातलं काही मला पूर्वी फोर्कच्या तेलात दिसत नसे.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा जीपच्या टपावरून ती सायकल उतरताना मी पाहिली. रुमाताई सर्व्हिसिंगला आल्या होत्या. मनगटाला काही बांधलेलं नव्हतं. मी काही विचारायच्या आत त्यांनी उजव्या हाताने मागच्या पिशवीतून एक जड गाठोडं उचललं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. आमचूर होतं. धडगावच्या बाजूला कैऱ्या सोलून उन्हात वाळवतात, ते.

"अर्ज?" मी विचारलं.

"कसला अर्ज? जूनला पहिलीत नवीन पोरं येतात. त्यांच्याशी बोलायला कोण आहे?" त्यांनी गाठोड्याकडे बोट दाखवलं. "हे पाड्यावरच्यांनी दिलंय. प्रत्येक घरातून थोडं थोडं. म्हणाले, सायकलचं पोट बघणाऱ्या पोरीला दे."

"एवढं ओझं तुम्ही पायवाटेने वर चढवून आणलं?"

"माझं कुठे होतं?" त्या म्हणाल्या. "तुझं होतं."

मामाने गाठोडं हातात तोलून पाहिलं आणि शीळ घातली. किती भरलं ते मी मोजलं नाही. मी खाली बसले आणि मागच्या शॉकवरची रिंग पाहिली. धुळीत माखली होती, पण टोकाच्या बोटभर अलीकडेच थांबली होती.